अव्वाचा अंगठा

माघ महिना सरत आला आणि अणदूरच्या अलीकडील आमच्या वस्तीवरची चार एकर ज्वारी काढणीला आली, तेव्हा गावात एकही मजूर बाई मिळेना. ज्या बाया वर्षानुवर्षे आमच्या रानात येत, त्या यंदा द्राक्षांच्या बागांत गेल्या होत्या. तिथे सावली होती, चहा होता आणि काम हलके होते. आमच्याकडे ज्वारी विळ्याने कापीत नाहीत, मुळासकट उपटतात. ताट बुडाशी दोन्ही हातांनी घट्ट धरावयाचे, गुडघ्याचा जोर द्यावयाचा आणि हिसका मारावयाचा. वाळलेल्या काळ्या मातीत ते मूळ असे रुतलेले असते की दिवसाच्या शेवटी माणसाच्या हातांत स्वतःची भाकरी मोडण्याचेही त्राण उरत नाही.

अखेर माझे वडील गुरुसिद्धप्पा, माझी आई शांताक्का, माझी पत्नी महेश्वरी आणि मी असे घरच्या चौघांनीच रानात उतरावयाचे ठरले. वडिलांना आम्ही अप्पा आणि आईला अव्वा म्हणतो.

चौथ्या दिवशी दुपारी माझ्या ध्यानात आले की अव्वाची पात, म्हणजे तिने धरलेली ओळ, मागे पडत आहे. आजवर तिच्या पुढे अप्पासुद्धा कधी गेले नव्हते. ती डाव्या हाताने ताट ओढीत होती आणि उजवा हात नुसता त्यावर टेकवीत होती.

"फुलं तोडायलीस का ज्वारी उपटायलीस गं?" अप्पा पुढून ओरडले.

"तुमी तुमची पात बघा. म्होरं गेलाव म्हंजे राजे झालाव का?"

महेश्वरी तोंडाला पदर लावून हसली. अव्वानेही हसावे, अशी माझी अपेक्षा होती. कारण अप्पांना टोमणा मारून झाल्यावर ती नेहमी हसत असे. परंतु तिने खाली मान घालून पुढचे ताट धरले, हिसका मारला आणि तोंडातून निघालेला आवाज अर्ध्यावर गिळला. तो अर्धा आवाज त्या दिवसापासून माझ्या कानात राहिला. मी तिला काही विचारले नाही. आपण विचारावे आणि तिने झिडकारावे, यापेक्षा न विचारणे मला सोपे वाटले.

वास्तविक तिच्या हातांना काही तरी झाले आहे, हे गेल्या दिवाळीपासून आम्हा सर्वांना दिसत होते. तिच्या बोटांच्या शेवटच्या पेरांवर बोरांच्या बियांएवढ्या टणक गाठी आल्या होत्या. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाला लागून, हाड चौकोनी होऊन वर आले होते. कोणा जाणत्याने तो वात आहे असे सांगितल्यावरून तिने तीन महिने तुरीचे वरण, चिंच आणि दही सोडले होते. आमच्या घरी वरण-भाकरीवाचून दुसरे असते काय? ती कोरडी भाकरी मिठाच्या पाण्यात बुडवून खाई आणि वर म्हणे, "आता बरं वाटायलंय." तिला बरे वाटत नव्हते. पिळलेले लुगडे वाळत घातल्यावर त्यातून पाणी टपटपत राही, आणि महेश्वरी ते गुपचूप काढून पुन्हा पिळून घाली.

एके सकाळी याहून निराळे दृश्य मी पाहिले. अव्वा स्नान करून पूजेला बसली होती. गळ्यातील इष्टलिंगाची चांदीची डबी तिने हातात घेतली, पण झाकण निघेना. तिने दोनदा प्रयत्न केला, डबी पदराने पुसली, पुन्हा प्रयत्न केला. मग चोहोकडे पाहून तिने ते झाकण दातांनी उघडले. ज्या डबीला ती उष्टा हात लावीत नसे, तिला तिने दात लावले. मी दाराआड उभा होतो. मी तसाच मागच्या पावली बाहेर गेलो आणि कारण नसताना बैलांपुढे दुसऱ्यांदा वैरण टाकली.

आमच्या घरी शिंगाळी नावाची म्हैस आहे. तिची लांब शिंगे पाठीवरून थेट खांद्याच्या मागे जातात, म्हणून हे नाव. पौषात ती व्याली होती. सकाळी चार लिटर व संध्याकाळी तीन, असे तिचे दूध डेअरीला जाई आणि त्यावर घरचा बाजारहाट चाले. मात्र ती पान्हा सोडीत असे तो केवळ अव्वाच्या हाताला. मी बसलो तर लाथ मारी. महेश्वरी बसली तर लाथ मारीत नसे, पण दूध वर ओढून धरी आणि मान वळवून अव्वाला शोधी.

अव्वाची धार काढण्याची रीत तिच्या सासूची होती. अंगठा आत दुमडावयाचा आणि त्याच्या पाठीच्या हाडाने सड दाबून ओढावयाचा. असे केल्याने धार जाड व जोरात पडते आणि चरवीत फेस चढतो. माझ्या आजीने अव्वाला हेच शिकविले आणि अव्वाने महेश्वरीला. मूठ भरून, अंगठा बाहेर ठेवून काढणाऱ्याला आमच्या घरात कच्चा समजत.

ज्वारी उपटून संपली त्या सोमवारी दुपारी मी कडब्याच्या पेंढ्या रचीत होतो. घरातून काहीतरी जळाल्याचा तेलकट वास आला. आत गेलो तर अव्वा आणि शेजारच्या वस्तीवरची प्रेमाबाई चुलीपाशी बसल्या होत्या. प्रेमाबाईने घाईने काहीतरी राखेत ढकलले. अव्वाच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती.

"काय झालं गं अव्वा?"

"तवा लागला."

"तव्याला हात लागायला तू काय नवी नवरी हायीस?" प्रेमाबाई म्हणाली व स्वतःच मोठ्याने हसली. तिच्या हसण्यात नेहमीचा मोकळेपणा नव्हता, हे मला नंतर आठवले. त्या वेळी मी पाणी पिऊन परत गेलो.

त्या संध्याकाळी अव्वाने चिंधीसकट धार काढली. मंगळवारी संध्याकाळी मात्र ती खाटेवर पडून राहिली. अंग दुखते म्हणाली आणि महेश्वरीला गोठ्यात पाठविले. महेश्वरीने तासभर खटपट करून जेमतेम दीड लिटर आणले.

बुधवारी सकाळी अव्वाने सडाला हात लावताच शिंगाळीने अशी लाथ झाडली की चरवी थेट उकिरड्यापर्यंत गेली. मी व अप्पांनी तिला दाव्याने आवळून धरले आणि खाली वाकून पाहिले. उजव्या बाजूच्या दोन्ही सडांवर पाण्याने भरलेले फोड आले होते. सभोवतालचे कातडे काळे पडून सुजले होते.

"काल कुणी काढली धार?" अप्पांनी विचारले.

उत्तर सर्वांना ठाऊक होते. महेश्वरी दारात उभी होती. तिच्या भावाचे लग्न नुकतेच झाले होते आणि तिच्या नखांवरचा लाल रंग अजून पुरता गेला नव्हता.

"नखं बघा तिची," अप्पा म्हणाले. "नाटकातली बाई धारंला बसिवली. सोलून काढलं की जनावराला!"

"मामा, म्या नखं लावली न्हायती," महेश्वरी म्हणाली. "मूठ भरून काढली. अत्याबाईवाणी अंगठासुदिक दुमडला न्हाय, ती लाथ मारील म्हनून."

"मंग फोड काय आभाळातनं पडलं का?"

येथे मला माझ्याविषयी लिहिणे भाग आहे. मी तिची बाजू घेतली नाही. उलट ओट्यावरून कात्री आणली, तिच्यापुढे टाकली आणि "काप आधी ती" असे सर्वांदेखत म्हणालो. तिने माझ्याकडे पाहिले नाही. तिथेच खाली बसून तिने दहाही नखे इतकी खोलवर कापली की दोन बोटांतून रक्त आले. मग कात्री धुऊन जागेवर ठेवली.

अव्वा खांबाला टेकून उभी होती. तिचा उजवा हात पदराच्या आत होता. अव्वा काहीच बोलत नाही ही गोष्ट आमच्या घरात इतकी अपूर्व होती की कोणीतरी त्याबद्दल विचारावयास हवे होते.

तो दिवस व ती रात्र मी एका जागी बसू शकलो नाही. गोठ्यातून अंगणात आणि अंगणातून गोठ्यात येरझारा घालीत होतो. महेश्वरीने भाकरी केल्या, वाढल्या, भांडी घासली आणि आपले पातळ घडी करून पिशवीत भरून ठेवले. "उद्या माहेरी जाते. सोडाया यायची गरज न्हाय, यष्टी कळती मला," एवढेच ती माझ्याशी बोलली.

गुरुवारी सकाळी जनावरांच्या दवाखान्यातील सैफ डॉक्टर मोटारसायकलवरून आले. तिशीचा, सडपातळ, हसऱ्या तोंडाचा माणूस. मूळचे परंड्याचे. अव्वाला ते अम्मा म्हणतात आणि अव्वा त्यांना बिनसाखरेचा चहा कधी देत नाही. त्यांनी शिंगाळीच्या पोटावर हात फिरविला, कास दाबून पाहिली, फोडांजवळ नाक नेले आणि बराच वेळ तसेच उकिडवे बसून राहिले.

"नखं लागली की असं व्हतं का, डॉक्टर?" अप्पांनी विचारले.

"नखानं ओरखडा येतो, गुरुसिद्धप्पा. हे भाजल्यावानी हाय. देखो, वघळ गेलाय खाली. काहीतरी पातळ लागलंय, तेलासारखं." ते उठले. "घरात कुणी बिब्बा फोडला होता का?"

शिंगाळीची वगार, तिचे पौषातले पारडू, दाव्याला हिसका देत होती. डॉक्टरांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिले आणि शेवटी त्यांची दृष्टी अव्वाच्या पदरावर थांबली.

"अम्मा, हात दाखवा."

"माझ्या हाताला काय झालंय? म्हशीचं बघा."

"म्हशीचंच बघायलोय."

अव्वाने हात बाहेर काढला. चिंधी सोडताना ती सडलेल्या कातड्याला चिकटली होती. अंगठ्याच्या बुडाशी पैशाएवढा काळा डाग होता आणि त्याभोवती मनगटापर्यंत अगदी तसेच, पाण्याने भरलेले फोड. शिंगाळीच्या सडांवर होते तसेच.

प्रेमाबाईने बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरला होता आणि त्याचे उकळते तेल दुखऱ्या हाडावर लाविले होते. वाताला त्यामुळे उतार पडतो अशी आमच्याकडची समजूत आहे. संध्याकाळी त्याच अंगठ्याने, चिंधीतून झिरपणाऱ्या त्या तेलासकट, अव्वाने धार काढली. अंगठा दुमडून काढली. तेल सडावर घासले गेले. बिब्बा उतावयास, म्हणजे फोड वर यावयास, एक-दोन दिवस लागतात. तेवढ्यात महेश्वरी तिथे बसली होती.

"तुला कवा कळलं?" अप्पांनी विचारले. त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता.

"बुधवारीच," अव्वा म्हणाली. "फोड बघितले तवाच."

"आन् गप ऱ्हायलीस?"

"काय सांगू? हात गेला म्हनून सांगू? धार काढाया येईना, लुगडं पिळाया येईना. भाकरी थापाया बसलं की कळ डोक्यात जाती. मंग म्या घरात काय करायची? दारात बसून कोंबड्या हाकलायच्या?"

महेश्वरी पुढे झाली. ती आता रडेल किंवा भांडेल, असे मला वाटले. तिने आपली दहा बोटे अव्वापुढे पसरली. दोन बोटांच्या टोकांवर रक्त सुकलेले होते.

"अत्याबाई, आता ही वाढवू का अशीच ठिवू?"

अव्वाने त्या बोटांकडे पाहिले आणि पाठ फिरवून घरात गेली.

सैफ डॉक्टरांनी सडांना खोबरेल तेल व मलम लाविले, सुई टोचली आणि जाताना स्पष्ट सांगितले, "उजव्या बाजूचं दूध तटायला लागलंय. दोन्ही वेळेला हलक्या हातानं, मूठ भरून, सगळं काढा. अंगठा लावायचा नाही. तीन दिवसांत मोकळं झालं नाही तर कास दगडासारखी हुईल आणि ते दोन सड कायमचे बाद. मग हे जनावर बाजारातच न्यायचं." मोटारसायकलला किक मारता मारता ते माझ्याकडे वळले. "आणि अम्माला हाडाच्या डॉक्टरकडे न्या. म्हशीसाठी मला एका दिवसात बोलावलंत. अम्माचा हात दिवाळीपासून दुखायलाय म्हणता."



त्या संध्याकाळी महेश्वरी शिंगाळीखाली बसली. पिशवी तशीच भरलेली होती, पण ती गेली नव्हती. "म्हशीनं माझं काय केलंय?" एवढेच तिने कारण दिले. शिंगाळीने पान्हा चोरला. डाव्या सडांतून थोडे आले, उजवीकडून चार थेंब. महेश्वरीने अव्वाला हाक मारली, "अत्याबाई, तुमी नुसतं म्होरं हुबा ऱ्हावा. हात लावू नका."

आतून उत्तर आले, "बाद झालेल्या माणसाला कशाला बोलिवतीस?"

शुक्रवारी मी अव्वाला घेऊन एसटीने तुळजापूरला गेलो. हाडांच्या दवाखान्यात बाकावर आमच्यापुढे अकरा माणसे होती. अव्वा हात पदरात घेऊन बसली आणि दर थोड्या वेळाने म्हणू लागली, "चल घरला. म्हशीचं काय व्हतंय बघू." मीही चार वेळा उठून दाराशी जाऊन आलो.

डॉक्टर पन्नाशीचे होते. त्यांनी बिब्ब्याचे फोड पाहून नुसती मान हलविली, रागावले नाहीत. फोडांना हात न लावता त्यांनी अंगठा पुढून धरला आणि बुडाच्या हाडावर हलकेच दाबून फिरविला. अव्वा बाकावरून उठली.

"इथंच ना?"

"तिथंच. अजून कुठं दाबाल तर तुमच्याबी हाताला बिब्बा लावीन."

डॉक्टर हसले. मग त्यांनी एकेक बोट तपासले आणि एकामागून एक प्रश्न विचारले. ताप येतो का? मनगटे, बोटांची मुळे सुजून लाल होतात का? दोन्ही हात सारखेच दुखतात का? सर्वांना अव्वाने नाही म्हटले. "सकाळी उठल्यावर बोटं किती वेळ आखडलेली असतात?"

"चुलीवर च्या उकळस्तवर."

"तासन् तास नाही?"

"तासभर बोटं आखडून बसलं तर शेण कोण काढील?"

"आईची बोटं कशी होती तुमच्या?"

"अशीच. गाठी गाठी. आमी म्हनायचो, म्हातारपण."

फोटो काढून झाल्यावर त्यांनी तो उजेडाच्या पेटीवर लाविला. पांढऱ्या हाडांचा तो हात माझ्या आईचा आहे, हे मनाला पटावयास मला वेळ लागला. जिथे दोन हाडांच्या मध्ये मोकळी फट असावी, तिथे अंगठ्याच्या बुडाशी फट नव्हतीच. हाड हाडावर बसले होते. डॉक्टरांनी सांगितले की हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते, ती झिजली आहे. हा सांध्यांची झीज करणारा आजार आहे, आमवात नव्हे. यात रक्ताच्या तपासण्यांची माळ लागत नाही, आणि तुरीच्या वरणाचा तर याच्याशी काडीचा संबंध नाही.

"तीन महिनं वरण सोडलंय म्या!" अव्वा ओरडली. बाहेरच्या बाकावरची माणसे आत डोकावली.

"आज घरी जाऊन खा."

"मंग बरं कवा व्हईल?"

डॉक्टरांनी खुर्ची तिच्याकडे वळविली. "मावशी, झिजलेलं परत भरून येत नाही. खोटं सांगत नाही. पण दुखणं कमी करता येतं आणि हात चालता ठेवता येतो." फोड सुकल्यावर लावावयाचे मलम, सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून बोटे हळूहळू उघडमीट करणे, फोडांवर कापडाची घडी ठेवून त्यावर अंगठ्याला आधार देणारा पट्टा, आणि फारच दुखले तर थोडे दिवस गोळी, कायमची नाही, कारण तिने पोट आणि मूत्रपिंड बिघडते. सांध्यात सुई किंवा शस्त्रक्रिया यांचा विचार आज नको, असेही ते म्हणाले. मग त्यांनी विचारले, "धार कशी काढता? दाखवा."

अव्वाने हवेत अंगठा दुमडून दाखविला.

"दिवसातून दोनदा, किती वर्षं?"

"लगीन झाल्यापासनं. चाळीस धरा."

"झीज वयानंही होते, घराण्यानंही येते. पण ही पद्धत सगळा भार बरोबर त्या सांध्यावर टाकते. ती सोडा. पिळायचं, उपटायचं काम वाटून द्या. हात बाद झालेला नाही, मावशी. त्याला एकट्याला सगळं करायला लावू नका, एवढंच."

परतीच्या गाडीत अव्वा खिडकीपाशी बसली. नव्या पट्ट्यातला हात तिने मांडीवर परक्या वस्तूसारखा ठेवला होता. नळदुर्गाचा फाटा गेल्यावर ती बाहेर पाहातच म्हणाली, "तुझ्या आजीचा अंगठाबी असाच झाला व्हता. ती म्हनायची, शांते, बाईच्या हातात जोर पायजे. जोर व्हता तिच्यात. मरताना तिला पान्याचा तांब्या धराया येत नव्हता." 

घरी पोहोचलो तेव्हा शिंगाळीची उजवी कास हाताला कठीण लागत होती. पट्टा दाखवावा म्हणून अव्वा गोठ्यात गेली आणि तिने तो सोडला मात्र, त्याच्या चिकटपट्टीचा असा चर्रकन आवाज झाला की म्हशीने दचकून खुंटा उखडावयाचाच बाकी ठेवला. अप्पा म्हणाले, "आता हिला बघून म्हस बिचकाया लागली. संपलं!" त्यांना विनोद करावयाचा होता, पण अव्वा घरात गेली ती अंधार पडला तरी बाहेर आली नाही. त्या वेळचे व शनिवारी सकाळचे दूध मिळून दोन लिटरही भरले नाही.

शनिवार हा तिसरा दिवस होता. दुपारी महेश्वरी अव्वाच्या पेटीकडे गेली आणि तिचे जुने, शेणाच्या वासाचे लुगडे काढून नेसून आली. जनावर वासाने माणूस ओळखते, म्हणून अशी युक्ती करतात. पाच वाजता ती पदर डोक्यावर घेऊन शिंगाळीखाली बसली. मी वगार धरली होती. शिंगाळीने लुगड्याचा वास घेतला, क्षणभर फसली, मग मान वळवून तोंडाकडे पाहिले आणि पाय आखडून घेतला. महेश्वरीने सडांना खोबरेल लाविले, चुचकारले, पुन्हा प्रयत्न केला. चरवीच्या तळाशी नखभर दूध होते. तिच्या कपाळावरून घाम वाहून डोळ्यांत जात होता आणि तिला तो पुसता येत नव्हता.

घरातून पट्ट्याचा चर्र आवाज आला. दूरवर असल्याने शिंगाळीने फक्त कान हलविला. काही वेळाने अव्वा मोकळ्या हाताने गोठ्यात आली. शिंगाळीच्या तोंडापाशी जाऊन तिने डावा हात तिच्या गळ्याखालच्या लोंबत्या कातडीत घातला, कपाळ तिच्या कपाळाला लाविले आणि घशातल्या घशात तो आवाज काढू लागली, जो मी लहानपणापासून रोज ऐकत आलो होतो. ज्याला शब्द नाहीत. शिंगाळीने दीर्घ श्वास सोडला. तिची शेपटी थांबली. मागचा पाय, जो ती तीन दिवस आखडून होती, हळूहळू मागे गेला.

"आली," महेश्वरी कुजबुजली. "अत्याबाई, पान्हा आला."

पहिली धार चरवीत वाजली. आनंदाने असो किंवा घाईने, महेश्वरीचा अंगठा शिकविल्याप्रमाणे आत दुमडला गेला.

अव्वाने म्हशीच्या डोक्यावरून वाकून पाहिले. तिचा चेहरा असा झाला की ती आता रागावणार, असे मला वाटले.

"अंगठा भाईर काढ."

"काय?"

"अंगठा भाईर काढ म्हन्ते. मूठ भर. धार बारीक पडली तर पडू दे." तिने म्हशीच्या गळ्यातला हात काढला नाही. "म्याच शिकिवलं तुला. मला कुणी सांगितलं न्हाय, म्या तुला सांगायलेय."

महेश्वरीने मूठ उघडली, अंगठा बाहेर घेतला आणि पुन्हा सड धरला. आरंभी धार बारीक व वेडीवाकडी आली. थोडी तिच्या मनगटावर, थोडी जमिनीवर. उजव्या बाजूने आधी गाठी निघाल्या, दह्यासारख्या. त्या तिने बाजूला काढून टाकल्या. मग दूध येऊ लागले. अप्पा गोठ्याच्या दारात येऊन उभे राहिले होते. ते काहीतरी बोलणार तेवढ्यात अव्वाने त्यांच्याकडे असे पाहिले की ते कडब्याची पेंढी घेऊन निघून गेले. काम पुरे व्हावयास नेहमीच्या दुप्पट वेळ लागला. दूध तीन लिटर भरले नाही, पण कास हाताला मऊ झाली होती.

रात्री महेश्वरीने तुरीचे घट्ट वरण केले. अव्वाने दोनदा मागून घेतले आणि डॉक्टरांना नव्हे, वात सांगणाऱ्या त्या जाणत्याला चार शिव्या घातल्या. महेश्वरीची पिशवी मात्र खुंटीला तशीच भरलेली होती. मी तिला म्हणालो, "नखांचं माझं चुकलं." ती म्हणाली, "ठावं हाय मला," आणि कूस बदलली.

रविवारी सकाळी मी गोठ्यातून आलो तेव्हा अव्वाने कोमट पाण्याच्या घमेल्यात हात बुडवून बोटे उघडमीट करून घेतली होती. तरीही सोप्यात पूजेला बसल्यावर डबीचे झाकण तिला दाद देईना. तिने दोनदा प्रयत्न केला. डबी तोंडापाशी नेली. मग तशीच थांबली.

"महेश्वरी," तिने हाक मारली. "हिकडं ये. हे उघडून दे."

इष्टलिंग गळ्यातून काढावयाचे नसते. म्हणून महेश्वरी तिच्यापुढे गुडघे टेकून बसली व इतकी जवळ वाकली की दोघींची कपाळे एकमेकींना लागली. अव्वाने डबी डाव्या तळहातावर धरली. नखे नसलेल्या बोटांना झाकणाची कड सापडेना. "थांबा, अत्याबाई. थांबा, हलू नका."

"न्हाय हलत," अव्वा म्हणाली. "काढ तू सावकाश."